कासरा कुणाच्या हातात? इंटरनेट आणि आंतरराष्ट्रीय कायदा: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही ‘इंटरनेटला देश नसतो’ असे एक वाक्य छापले आणि पत्रांचा ढीग लागला. वाक्य ऐकायला छान, पण चुकीचे. कंपनी कुठल्या तरी देशात नोंदलेली असते, सर्व्हर कुठल्या तरी जमिनीवर असतो, केबल कुठल्या तरी किनाऱ्याला लागते आणि पैसे कुठल्या तरी बँकेत जमा होतात. त्यामुळे खालच्या बहुतेक उत्तरांत आम्ही आधी एकच गोष्ट पाहिली आहे: कासरा कुणाच्या हातात आहे? करार-मदार त्यानंतर.

प्रश्न: २०१६ साली अमेरिकेने इंटरनेटचा ताबा संयुक्त राष्ट्रांकडे दिला असे वाचले. मग उद्या भांडण झाले तर कुणी ‘.इन’ बंद करू शकेल का? (निवृत्त शिक्षक, सातारा)

ताबा सोडला हे खरे, संयुक्त राष्ट्रांकडे दिला हे खोटे. डोमेन नावांची सर्वांत वरची यादी, म्हणजे रूट झोन, आयकॅन ही संस्था सांभाळते. ती सप्टेंबर १९९८मध्ये कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली नोंदलेली ना-नफा संस्था आहे. ‘.कॉम’ कुणाकडे, ‘.इन’ कुणाकडे, ‘.भारत’ कुणाकडे, एवढेच त्या यादीत असते. तुमच्या संकेतस्थळावर काय लिहिले आहे याच्याशी तिचा काही संबंध नाही. पूर्वी या कामासाठी आयकॅनचा अमेरिकी वाणिज्य खात्याशी करार होता आणि यादीतल्या बदलांवर खात्याची मंजुरी लागे. १ ऑक्टोबर २०१६ला तो करार संपला, पुढे वाढवला गेला नाही. आता देखरेख कंपन्या, तांत्रिक संस्था, वापरकर्त्यांचे गट आणि सरकारांची सल्लागार समिती यांच्याकडे मिळून आहे. त्या समितीत भारतही आहे, पण नावाप्रमाणे ती सल्ला देते, हुकूम देत नाही.

संस्था मात्र कॅलिफोर्नियातच आहे आणि तिथली कोर्टे तिला लागू आहेत. हे नुसते पुस्तकी भय नव्हे. इराणविरुद्ध भरपाईचे निकाल हातात असलेल्या फिर्यादींनी २०१४ साली अमेरिकी कोर्टात ‘.आयआर’च जप्त करून मागितले होते. कोर्टाने ते नाकारले आणि २०१६मध्ये अपिलातही तेच झाले. फेब्रुवारी २०२२च्या शेवटी युक्रेन सरकारने ‘.आरयू’ रद्द करण्याची विनंती केली, तेव्हा आयकॅनने दोन-तीन दिवसांतच लेखी नकार कळवला: आमचे काम यंत्रणा चालती ठेवण्याचे, शिक्षा देण्याचे नाही. आमच्या मते तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर या दोन नकारांत आहे. कुठल्याही करारात ते लिहिलेले नाही, कारण तसा करारच नाही. डिसेंबर २०१२मध्ये दुबईत दूरसंचार नियमांची फेरमांडणी झाली, तेव्हा इंटरनेटवर सरकारांचा हात किती असावा यावरून मोठा वाद पेटला. मताचा अधिकार असलेल्या १४४ देशांपैकी ८९ देशांनी सह्या केल्या. भारताने तेव्हा सही केली नाही.

तांत्रिक बाजूही पाहा. समजा कुणी ‘.इन’ची नोंद खोडलीच, तरी ती क्षणात विझणार नाही. रूटमधल्या अशा नोंदीची मुदत १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस असते आणि जगभरच्या सेवादात्यांनी ती तोवर आपल्याकडे साठवलेली असते. ही यादी पुरवणाऱ्या रूट सर्व्हरचे पत्ते तेरा आहेत आणि ते चालवणाऱ्या संस्था बारा, पण त्यांच्या प्रती जगभर शेकड्यांनी पसरल्या आहेत. मुंबईतही आहेत. यादी खरी आहे याची ग्वाही देणारी डिजिटल सही ज्या किल्लीने होते, ती कॅलिफोर्नियातील एल सेगुंडो आणि व्हर्जिनियातील कल्पेपर इथल्या तिजोऱ्यांत असते. दर तीन महिन्यांनी कॅमेऱ्यासमोर किल्ली-समारंभ होतो. प्रत्येक ठिकाणचे सात विश्वस्त वेगवेगळ्या देशांतले असतात आणि त्यांच्यापैकी किमान तिघे हजर असल्याशिवाय यंत्र चालत नाही. फेब्रुवारी २०२०मध्ये एल सेगुंडोच्या तिजोरीचे कुलूपच अडकले, ते ड्रिलने भोक पाडून उघडावे लागले आणि समारंभ काही दिवस पुढे गेला. जगाच्या इंटरनेटला कुलूपवाल्याची वाट पाहावी लागली, एवढे सांगून पुढे जातो.

प्रश्न: आमच्या मसाल्याच्या ब्रँडचे नाव कुणी परदेशी माणसाने ‘.कॉम’मध्ये घेऊन ठेवले आहे आणि तीन लाख रुपये मागतो. ट्रेडमार्क २०१५चा आहे. दावा कुठल्या देशात लावायचा? (उत्पादक, नाशिक)

दाव्याआधी एक काम करा. डोमेनची नोंद कधी झाली ती तारीख काढा. कुठल्याही नोंदणी-शोध पानावर नाव टाकले की ती दिसते. मालकाचे नाव बहुधा झाकलेले असेल, तारीख झाकलेली नसते. तारीख २०१५च्या आधीची असेल आणि त्या काळात तुमचा ब्रँड बाजारात नव्हता, तर खालचे सगळे विसरा. समोरच्याने तुमच्या नावावर डोळा ठेवून ते घेतले हे तुम्हाला सिद्धच करता येणार नाही. फसलेल्या बऱ्याच तक्रारींचा जीव इथेच जातो, फी भरून झाल्यावर.

तारीख नंतरची असेल तर कुठल्याच देशाच्या कोर्टात जायची गरज नाही. ‘.कॉम’ घेताना प्रत्येक जण रजिस्ट्रारशी, म्हणजे नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीशी, जो करार करतो, त्यात १९९९पासून एक कलम असते: ट्रेडमार्कवाल्याने तक्रार केली तर यूडीआरपी नावाच्या प्रक्रियेला मी बांधील आहे. म्हणजे कासरा करारातच आहे, समोरचा माणूस कुठे का बसलेला असेना. तक्रार जीनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे, म्हणजे वायपोकडे, ऑनलाइन करता येते. एक ते पाच डोमेनसाठी एक पंच हवा असेल तर फी १,५०० डॉलर, तीन पंच हवे असतील तर ४,०००. पंच नेमण्याआधी तडजोड होऊन तक्रार मागे घेतली तर दीड हजारांतले हजार परत मिळतात.

तिन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात, दोन चालत नाहीत. एक, नाव तुमच्या ट्रेडमार्कसारखेच किंवा गोंधळ व्हावा इतके जवळचे आहे. दोन, समोरच्याचा त्या नावावर काही हक्क किंवा रास्त संबंध नाही. त्याचे आडनावच ते असेल किंवा तो शब्द सामान्य शब्दकोशातला असेल तर ही पायरी अवघड होते. ‘गोडा’ किंवा ‘कांदा-लसूण’ यांवर कुणाची मक्तेदारी नाही. तीन, त्याने नाव वाईट हेतूने घेतले आणि वाईट हेतूने वापरलेही. इथला ‘आणि’ महत्त्वाचा आहे.

तीन लाखांची मागणी हा वाईट हेतूचा पुरावा आहे का? असू शकतो, पण मागणी आधी कुणी केली यावर बरेच ठरते. तुम्हीच ‘विकणार का, किती घेणार?’ असा मेल टाकला असेल आणि त्याने आकडा सांगितला असेल, तर पुरावा लंगडा पडतो. त्याने आपणहून तुम्हाला किंवा तुमच्या स्पर्धकाला गाठले असेल तर भक्कम. तेव्हा आता त्याच्याशी पत्रव्यवहार थांबवा. आतापर्यंतचे सगळे मेल मूळ शीर्षभागासह जपा. त्या पानाची आजची छबी घ्या, त्यावर तारीख आणि पूर्ण पत्ता दिसू द्या. तिथे मसाल्याच्या जाहिरातींचे दुवे असतील तर ते उघडून कुठे जातात तेही टिपा. पंचांना हे आवडते.

पुढची पावले अशी. तक्रारीतल्या तथ्यांचा आणि युक्तिवादाचा भाग पाच हजार शब्दांच्या आत ठेवावा लागतो. तक्रार गेली की वायपो रजिस्ट्रारला विचारते, आणि रजिस्ट्रार दोन कामकाजाच्या दिवसांत डोमेनला टाळे लावतो, म्हणजे ते दुसऱ्याच्या नावावर सरकवता येत नाही. टाळे लागेपर्यंत समोरच्याला प्रत पाठवायची नाही, हा नियम २०१५पासूनचा आहे. आधी पाठवले की डोमेन रातोरात दुसऱ्या देशात जाई. मग खऱ्या मालकाचे नाव तुम्हाला कळते आणि तक्रार पाच दिवसांत दुरुस्त करून द्यावी लागते. ही मुदत फार जणांची चुकते. समोरच्याला उत्तराला वीस दिवस, मागितले तर आणखी चार. पंच नेमला की त्याला निकालासाठी चौदा दिवस. सगळे सुरळीत झाले तर दोन महिने.

दोन खड्डे आधीच सांगतो. प्रक्रियेची भाषा नोंदणी-कराराची भाषा असते. रजिस्ट्रार चिनी असेल तर करार चिनी असू शकतो. तेव्हा इंग्रजीत चालवण्याची विनंती कारणांसह तक्रारीतच करावी लागते: संकेतस्थळ इंग्रजीत आहे, त्याने मेल इंग्रजीत लिहिले आहेत, वगैरे. दुसरा खड्डा असा की तुम्हाला एका ठिकाणच्या कोर्टांचा अधिकार आधीच मान्य करावा लागतो, रजिस्ट्रारच्या मुख्य कार्यालयाचे गाव किंवा मालकाचा पत्ता. तुम्ही जिंकलात तरी दहा कामकाजाचे दिवस थांबावे लागते. त्यात समोरच्याने त्या गावच्या कोर्टात दावा लावला तर हस्तांतर अडते. म्हणून ठिकाण निवडताना विचार करा. भरपाई मात्र यात एक पैसाही मिळत नाही. डोमेन तुमच्या नावावर होते किंवा रद्द होते, बस. आणि तक्रारच लबाडीची होती असे पंचाला वाटले तर तसा शेरा निकालात कायमचा छापला जातो.

हिशेब सांगायचा तर दीड हजार डॉलर म्हणजे सव्वा लाखाच्या पुढे, वकील वेगळा. त्याने चाळीस हजार मागितले असते तर आम्ही ‘नाक दाबून घेऊन टाका’ म्हटले असते. तीन लाखांना लढणे परवडते.

‘.इन’ आणि ‘.भारत’ला मात्र यूडीआरपी नाही, ही नावे सांभाळणाऱ्या निक्सी या भारतीय संस्थेची स्वतःची प्रक्रिया आहे. तिथे नोंद किंवा वापर, दोन्हींपैकी एक वाईट हेतूने झाले तरी पुरते. निकाल देणारा लवाद १९९६च्या लवाद कायद्याखाली बसतो, म्हणून त्याला कलम ३४खाली भारतीय कोर्टात आव्हान देता येते. आपल्याकडच्या कोर्टांना हा विषय नवा नाही. ‘रेडिफ’च्या नावात एक अक्षर बदलून ‘रॅडिफ’ घेणाऱ्याला मुंबई उच्च न्यायालयाने १९९९मध्येच थांबवले होते, आणि २००४मध्ये ‘सिफी’च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण दिले.

प्रश्न: गावाच्या नावाने ‘कऱ्हाड.भारत’ असे डोमेन घ्यायचे आहे. मित्र म्हणतो ते ‘कर्हाड’ होऊन जाते. का? (वाचक, कऱ्हाड)

मित्र बरोबर आहे, आणि दोष संगणकाच्या आत आहे. ‘.भारत’ हे टोक ऑगस्ट २०१४पासून मराठीसह देवनागरीतल्या आठ भाषांसाठी खुले आहे. पण आपला ऱ्ह दोन प्रकारे टंकता येतो. एकात साधा र, मग हलन्त, मग न दिसणारे एक जोडचिन्ह, मग ह. दुसऱ्यात नुक्ता असलेला ऱ, हलन्त, ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब दिसतात. नावांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ते अदृश्य जोडचिन्ह संशयित आहे, कारण न दिसणाऱ्या अक्षराने दोन सारखी दिसणारी नावे तयार होतात आणि फसवणुकीला वाट मिळते. रूटमध्ये त्याला बंदीच आहे. इतरत्र हलन्तानंतर ते चालते, पण जुन्या पद्धतीने रूपांतर करणारी सॉफ्टवेअर ते गुपचूप गाळतात. ते गळले की उरतो र, हलन्त, ह. म्हणजे रफार, म्हणजे ‘कर्हाड’. हिंदीत हा प्रश्नच येत नाही, म्हणून नियम करणाऱ्यांना तो समजावून सांगावा लागतो.

तेव्हा दुसरा प्रकार वापरा. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून ‘जे’ची कळ दाबली की ऱ येतो. पैसे भरण्याआधी नावाचे पुनीकोड रूप काढून पाहा, म्हणजे ‘एक्सएन’ने सुरू होणारी रोमन अक्षरांची साखळी. दोन प्रकारे टंकलेल्या नावांच्या साखळ्या वेगळ्या आल्या तर कुठली नोंदवता आहात ते कळते. हीच साखळी ६३ अक्षरांपेक्षा लांब चालत नाही. देवनागरीत मर्यादा लवकर भरते, म्हणून संस्थेचे लांबलचक नाव घालू नका. आणि देवनागरी मेल-पत्ता घेणार असाल तर समोरच्याचा मेल-सर्व्हरही तो स्वीकारणारा हवा, नाहीतर पत्र परत येते. छापील पत्रिकेवर एक रोमन पत्ताही द्या.

प्रश्न: माझ्या नावाचे खोटे खाते काढून कुणी तरी ओळखीच्यांकडून पैसे उकळले. पोलीस म्हणतात ‘सर्व्हर अमेरिकेत आहे’. यावर काहीच इलाज नाही? (वाचक, नागपूर)

आहे, पण तीन वेगळ्या वाटा आहेत आणि त्या एकत्र केल्या की सगळेच अडते.

पैसे गेले असतील तर पहिला फोन १९३०वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर. पैसे ज्या खात्यात गेले ते बहुधा भारतातच आहे, तिथे अमेरिकेचा काही प्रश्न येत नाही. पहिल्या काही तासांत खाते गोठले तर काही हाती लागते.

खाते बंद करणे ही दुसरी वाट. मोठ्या कंपन्यांना भारतात तक्रार अधिकारी ठेवावा लागतो. त्याच्या उत्तराने समाधान झाले नाही तर ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येते. वकील लागत नाही.

तिसरी वाट गुन्हेगार शोधण्याची, आणि ‘सर्व्हर अमेरिकेत’ हे वाक्य फक्त इथे लागू पडते, तेही अर्धेच. खाते उघडताना दिलेले नाव, फोन, मेल, कुठल्या आयपी पत्त्यावरून आत शिरला, ही माहिती अमेरिकी कंपनी भारतीय पोलिसांच्या रीतसर पत्रावर देऊ शकते, तिथला कायदा आड येत नाही. संदेशांचा मजकूर मात्र १९८६च्या अमेरिकी कायद्याने बंद आहे. त्यासाठी भारत-अमेरिका परस्पर साहाय्य करार, सही २००१ची, अंमल २००५पासून. प्रवास असा: तपास अधिकारी, गरजेप्रमाणे कोर्टाचे विनंतीपत्र (नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ११२), दिल्लीचे गृह मंत्रालय, वॉशिंग्टनचे न्याय खाते, तिथला सरकारी वकील, तिथले न्यायाधीश, मग कंपनी. न्यायाधीशाला ‘या खात्यात या गुन्ह्याचा पुरावा सापडेल असे मानायला हे कारण’ असे नेमके वाक्य हवे असते. ‘तपासासाठी आवश्यक’ एवढ्यावर विनंती परत येते. नुसत्या बदनामीची असेल तर ती बहुधा जातच नाही, कारण अमेरिकेत ती भाषणस्वातंत्र्यात अडकते. फसवणूक चालते, म्हणून फिर्यादीत पैशांची बाजू पुढे असू द्या. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाने अमेरिकेशी २०१८च्या कायद्याखाली थेट कंपनीकडे जाण्याचे करार केले आहेत. भारताचा तसा करार नाही. सायबर गुन्ह्यांवरच्या २००१च्या बुडापेस्ट करारातही भारत नाही. संयुक्त राष्ट्रांचा नवा सायबर गुन्हे करार डिसेंबर २०२४मध्ये मंजूर होऊन ऑक्टोबर २०२५मध्ये हनोईत सह्यांसाठी खुला झाला, पण चाळीस देशांनी अनुसमर्थन दिल्यावर नव्वद दिवसांनी तो लागू होणार. तुमच्या प्रकरणात त्याची वाट पाहू नका.

हे सगळे लांबते, म्हणून पोलिसांना पहिल्याच दिवशी एक गोष्ट करायला सांगा: कंपनीला ‘माहिती जपून ठेवा’ असे पत्र. अमेरिकी कायद्यात अशी जपणूक ९० दिवसांची असते, आणखी ९० दिवस वाढवता येते.

तुमच्याकडून काय चुकते तेही सांगतो. कापलेले स्क्रीनशॉट देऊ नका. खात्याचा पूर्ण दुवा द्या, कारण दाखवायचे नाव दहा वेळा बदलता येते. वेळ लिहिताना ती भारतीय की जागतिक ते लिहा. १२ मार्चच्या रात्री १ वाजून १० मिनिटांनी आलेला संदेश कंपनीच्या नोंदीत ११ मार्च, १९:४० असा असतो. हा साडेपाच तासांचा फरक न सांगितल्यामुळे भलत्याच दिवसाची माहिती मागवली जाते. मोबाइल सेवांमध्ये एकच आयपी पत्ता एकाच वेळी अनेकांना दिलेला असतो, म्हणून त्यांतली नेमकी जोडणी ओळखणारा पोर्ट क्रमांकही मागायला सांगा. नाहीतर यादीत शेकडो माणसे येतात. आणि फोन फॉरमॅट करू नका. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चे प्रमाणपत्र देताना मूळ साधन लागते.

प्रश्न: एका देशाच्या कोर्टाने ‘मजकूर जगभरातून काढा’ म्हटले तर कंपनीला काढावाच लागतो का? (कायद्याची विद्यार्थिनी, पणजी)

त्या देशात तिचे कार्यालय, पैसा किंवा माणसे असतील तर टाळणे कठीण, नसतील तर हुकूम कागदावर. २००० साली पॅरिसच्या कोर्टाने याहूला नाझी वस्तूंचे लिलाव फ्रेंच लोकांना दिसू देऊ नका असे बजावले. तज्ज्ञांनी सांगितले की आयपी पत्त्यावरून सुमारे ७० टक्के फ्रेंच वापरकर्ते ओळखता येतील. देशानुसार मजकूर झाकण्याची पद्धत तिथून रुळली. युरोपीय न्यायालयाने सप्टेंबर २०१९मध्ये गूगलला ‘विसरले जाण्याचा हक्क’, म्हणजे शोधात येणारे स्वतःविषयीचे दुवे काढून घेण्याचा हक्क, जगभर लागू करण्याची सक्ती नाही असे म्हटले. लगेच पुढच्या महिन्यात फेसबुकच्या प्रकरणात, जगभर हटवण्याचा हुकूम राष्ट्रीय कोर्टाने द्यायला युरोपीय कायद्याची आडकाठी नाही, असेही म्हटले. त्याच ऑक्टोबरात दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने एक व्यवहारी रेघ ओढली: मजकूर भारतातून चढवला असेल तर जगभर हटवा, बाहेरून चढवला असेल तर भारतात झाका. त्यावर अपील झाले. परीक्षेत लिहिताना या तिन्ही निकालांचे ‘तत्त्व एक’ असे लिहू नका. एक नाही.

प्रश्न: आम्ही कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकतो. जर्मनीतल्या मराठी मंडळींच्या ऑर्डरी येतात. युरोपचा डेटा कायदा आम्हाला लागू होतो? (दुकानदार, कोल्हापूर)

गिऱ्हाईक मराठी की जर्मन, याने फरक पडत नाही. माणूस युरोपात आहे आणि तुम्ही युरोपातल्या गिऱ्हाइकांना हाक मारता आहात, या दोन गोष्टी पाहतात. पान तिथून नुसते उघडते एवढ्याने कायदा लागत नाही. किंमत युरोत दाखवली, ‘जर्मनीत घरपोच’ लिहिले, तिथल्या गिऱ्हाइकांचे अभिप्राय मिरवले की लागतो. उलट, कोल्हापूरचा माणूस बर्लिनला फिरायला जाऊन तुमच्या फक्त भारतासाठीच्या पानावर ऑर्डर देत असेल तर नाही लागत.

लागला तर करायचे काम फार नाही. पत्ता, फोन, पायाचे माप याखेरीज काही मागू नका. कुणी ‘माझी माहिती दाखवा किंवा पुसा’ म्हटले तर एका महिन्यात उत्तर द्या. माहिती फुटली आणि लोकांना धोका असेल तर ७२ तासांत तिथल्या प्राधिकरणाला कळवा. युरोपात प्रतिनिधी नेमण्याची अट आहे, पण व्यवहार अधूनमधूनचा आणि निरुपद्रवी असेल तर सूट मिळते. दंडाची कमाल २ कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या ४ टक्के, जे जास्त असेल ते. हा आकडा दाखवून घाबरवणारे सल्लागार येतील. वसुली किती अवघड आहे ते क्लिअरव्ह्यू या चेहरे ओळखणाऱ्या अमेरिकी कंपनीकडे पाहा: नेदरलँड्सने २०२४मध्ये ३.०५ कोटी युरोंचा दंड केला, कंपनी म्हणते आमचे युरोपात काहीच नाही. तुमचा कासरा दुसरीकडे आहे. पैसे गोळा करणारी सेवा आणि विक्रीचे व्यासपीठ या दोघांच्या करारात हेच नियम लिहिलेले असतात, आणि ते खाते एका मेलवर थांबवतात.

प्रश्न: आमच्या बोटीचा नांगर समुद्राखालच्या इंटरनेट केबलमध्ये अडकला. ओढावा की तोडावा? नुकसान कोण देणार? (तांडेल, वर्सोवा)

केबल ओढू नका आणि कापू तर मुळीच नका. खोल समुद्रातली केबल बागेच्या पाइपाएवढी जाड असते, किनाऱ्याजवळ चिलखतासारखी तार गुंडाळल्यामुळे मनगटाएवढी होते. तिच्यातून प्रकाशाबरोबर, मधल्या यंत्रांसाठी, हजारो व्होल्टचा वीजप्रवाहही जातो. विंचने वर घेऊन कोयत्याने कापणारा माणूस जिवानिशी जाऊ शकतो. नांगर सुटत नसेल तर नांगराची दोरी कापून तो सोडून द्या.

आणि इथे कायदा तुमच्या बाजूने आहे, हे फार कमी तांडेलांना कुणी सांगितलेले असते. संयुक्त राष्ट्रांच्या समुद्रकायद्याचे कलम ११५ म्हणते की केबल वाचवण्यासाठी ज्याने नांगर, जाळे किंवा इतर साहित्य सोडले, त्याला केबलच्या मालकाने भरपाई द्यावी, असे कायदे प्रत्येक देशाने करावेत. अट एकच: बोटीने आधी वाजवी काळजी घेतलेली असावी. भारत १९९५पासून या करारात आहे. ही कल्पना १८८४च्या पॅरिस करारातली, तार-केबलच्या काळातली, आणि त्यात पुराव्याची रीतही आहे: शक्य तितक्या लवकर खलाशांच्या साक्षीसह लेखी निवेदन करायचे आणि पहिल्या बंदराला लागल्यापासून २४ तासांत तिथल्या अधिकाऱ्यांपुढे जबाब द्यायचा. आजही हीच रीत पाळा.

मात्र जागा पाहा. करारातली ही केबलची कलमे खुल्या समुद्रासाठी आणि आर्थिक क्षेत्रासाठी, म्हणजे किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंतच्या पट्ट्यासाठी, लिहिलेली आहेत. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या, साधारण बावीस किलोमीटरच्या आत भारताचा स्वतःचा अधिकार चालतो. तिथे ‘कलम ११५’ म्हणून थेट हक्क सांगता येणार नाही, दावा केबल कंपनीकडे आणि नाइलाज झाला तर दिवाणी कोर्टात. म्हणून अडकल्या क्षणी जीपीएसचे अक्षांश-रेखांश मिनिटांच्या दशांशापर्यंत लिहून घ्या, फोटो काढा, वेळ टिपा, बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबरवर तटरक्षक दलाला कळवा. सगळ्या दाव्याचा पाया हा एक आकडा आहे.

वाजवी काळजी म्हणजे काय, यावरच कंपनी भांडेल. नौकानयनाच्या नकाशावर केबल जांभळट नागमोडी रेघेने दाखवलेली असते. त्या रेघेवर नांगर टाकला किंवा ट्रॉल ओढला असेल तर ‘निष्काळजीपणा’ म्हणून भरपाई नाही, उलट तुमच्याकडूनच मागतील. मुद्दाम किंवा दोषार्ह निष्काळजीपणाने केबल तोडणे हा कलम ११३खाली गुन्हा ठरवायचा आहे. जीव किंवा बोट वाचवताना, सगळी काळजी घेऊनही तुटली तर नाही. म्हणून बोटीवरच्या जीपीएसमध्ये वर्सोव्याला येणाऱ्या केबलींच्या रेघा आधीच भरून घ्या, आणि त्या भरल्या आहेत याचा फोटो तारखेसह ठेवा. जाळ्याचे बिल, नांगराचे वजन, दोरीची लांबी, बोटीचा नोंदणी क्रमांक आणि मासेमारी परवाना अर्जाला जोडा. अर्ज सोसायटीच्या लेटरहेडवर केबल कंपनीच्या लँडिंग स्टेशनकडे, म्हणजे केबल जिथे किनाऱ्याला लागते त्या केंद्राकडे, द्या आणि एक प्रत मत्स्यव्यवसाय खात्याकडे, दोन्हींवर पोचेचा शिक्का घेऊन. दोरीचे कापलेले टोक मात्र फेकू नका. नांगर समुद्रात गेला, पुरावा म्हणून तेवढेच हातात उरते.